रील पुन्हा जोडता आली पाहिजे: मासेमारीच्या साहित्याची तांत्रिक चित्रं काढण्याची पद्धत

खाऱ्या पाण्यात वापरलेली रील, म्हणजे गळाचा दोर गुंडाळायचं यंत्र, कधी ना कधी उघडावीच लागते. मीठ धरतं, ग्रीस घट्ट होतं, बेअरिंग कुरकुरायला लागतं. उघडणं कोणालाही जमतं, चार स्क्रू काढले की झाकण हातात येतं. अडतं ते पुढे. टेबलावर वॉशर, स्प्रिंगा, एक नट आणि वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू पसरलेले असतात आणि कुठलं आधी होतं, कुठलं नंतर, हे आठवत नाही. मग माणूस खोक्यातला घडी घातलेला कागद शोधतो. त्या कागदावरचं चित्र कसं काढायचं, ते इथे सांगतो.

फिशिंग टॅकल बनवणाऱ्या कंपनीला चित्रकाराकडून बरंच काही हवं असतं: सगळे भाग सुटे दाखवणारं रीलचं चित्र, गळांचा मापतक्ता, ल्युअरची म्हणजे नकली आमिषाची आकृती, रॉडचा बाक, गाठींच्या पायऱ्या. सगळ्यात जास्त जागा मी रीलला देणार आहे, कारण ती जमली की बाकीचं फार जड जात नाही. कसोटी मात्र सगळीकडे एकच: हे चित्र समोर ठेवून, ती रील आधी कधीही न उघडलेल्या माणसाला ती परत जोडता येईल का? चित्र देखणं जरूर असावं, पण देखणेपणाची आणि या कसोटीची ओढाताण झाली, तर कसोटीचंच ऐकावं, असं माझं ठाम मत आहे.

काम घेण्याआधी विचारायचं ते

छापील आकार किती, हे सगळ्यात आधी विचारा. बहुतेक वेळा चित्र मोठ्या पानावर काढलं जातं आणि छापलं जातं हाताएवढ्या घडीच्या पत्रकावर. ए3 वर काढलेलं चित्र ए5 वर गेलं की लांबी-रुंदी बरोबर निम्मी होते आणि रेषेची जाडीही निम्मी होते. हे शेवटी कळलं तर सगळ्या रेषा पुन्हा काढाव्या लागतात. एकरंगी छपाई की चाररंगी, पत्रक किती भाषांत जाणार आणि चित्र तपासून सही करणारा माणूस कोण, हेही तेव्हाच ठरवून घ्या. तपासणारा माणूस सर्व्हिस सेंटरमधला असेल तर उत्तमच. मार्केटिंगवाल्यांची नजर रंगावर जाते. स्प्रिंग उलटी काढली आहे, हे मेकॅनिकच सांगतो.

दुसरी गोष्ट नमुन्याची. विक्रीला जाणाऱ्या मालातल्याच दोन रील्स मागा, एक उघडायला आणि एक अखंड ठेवायला. प्रोटोटाइपवरून काढू नका. शेवटच्या क्षणी कारखान्यात एखादं बुशिंग जातं आणि तिथे बेअरिंग येतं, स्क्रू आखूड होतो, आणि चित्र पहिल्या दिवसापासूनच चुकीचं ठरतं.

कुठल्या आवृत्तीचं चित्र, हेही लेखी घ्या. यात स्वीडनमधल्या स्वेंगस्ता गावच्या आबू कंपनीकडून शिकण्यासारखं आहे. त्यांची 1952 साली आलेली अँबॅसडर रील चामड्याच्या डबीत मिळायची, सोबत छोटा पाना आणि तेल असायचं; म्हणजे मालकाने ती स्वतः उघडावी, हे गृहीतच होतं. पुढे 1970 च्या दशकापासून रीलच्या पायावर सहा आकडी क्रमांक कोरलेला असे: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, शेवटचे दोन आवृत्तीचे. भागांचं चित्र त्या क्रमांकाशी बांधलेलं. एकाच नावाच्या रीलची आज दुरुस्ती करायची तरी पायावरचा क्रमांक वाचून योग्य चित्र शोधता येतं. तुमच्या चित्राच्या कोपऱ्यात असा आवृत्तीचा क्रमांक नसेल, तर दोन वर्षांनी तो कागद कुठल्या रीलचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

रील उघडताना

कंपनीकडे कॅडच्या, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यांच्या, फाइल असतात आणि त्या मिळाल्या तर मापं काढायचे कष्ट वाचतात. तरी खरी रील हाताने उघडल्याशिवाय चित्राला हात घालू नये. कॅडमध्ये सगळे भाग आपापल्या जागी स्थिर बसलेले असतात. ते कुठल्या वाटेने बाहेर निघतात, हे तिथे दिसत नाही. शिवाय स्प्रिंगा, शिम म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकत्या आणि रबरी सील पुष्कळदा त्या फाइलमध्ये घातलेलेच नसतात.

पांढऱ्या कागदावर काम करा. प्रत्येक भाग निघाला की तो निघाला त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवा आणि दर पायरीचा फोटो घ्या. फोटो लांबून, झूम करून घ्या. जवळून घेतला की पुढचा भाग फुगतो आणि मागचा आक्रसतो, मग त्यावरून काढलेली प्रमाणं बिघडतात. वॉशरची चळत काढताना ती जशीच्या तशी एका तारेत ओवून ठेवा, तारेच्या खालच्या टोकाला गाठ मारून. ज्या भागाखाली स्प्रिंग दबलेली असण्याची शंका आहे, तो भाग पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून सोडवा. बेलची, म्हणजे दोर पकडणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग उडाली तर सापडते, पण तिचं कुठलं टोक कुठल्या भोकात होतं, ते मात्र हरवतं, आणि चित्रात नेमकं तेच दाखवायचं असतं.

व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक भागाची तीन मापं घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बेअरिंगच्या बाबतीत तर ही मापंच त्याची ओळख. दोर ज्याच्यावरून सरकतो त्या लाइन रोलरमध्ये बऱ्याचदा 4×7×2.5 मिलिमीटरचं बेअरिंग असतं, आणि 7×11×3 व 7×14×5 ही दोन मापं एकाच रीलमध्ये शेजारीशेजारी असू शकतात. चित्रात ती दोन्ही सारख्याच आकाराची काढली तर वाचणारा नक्की गोंधळतो. स्क्रूचंही तसंच. झाकणाचे तीन स्क्रू दिसायला एकसारखे असतात आणि एकच दोन मिलिमीटर लांब असतो. तो चुकीच्या जागी गेला की आतल्या गिअरला घासतो. म्हणून लांबी चित्रात नजरेला कळेल इतकी खरी काढा.

दोन माळा

आता मांडणी. स्पिनिंग रीलची रचना समजून घेतली तर मांडणी जवळपास आपोआप ठरते. 1905 साली ब्रॅडफर्डचे आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी ज्या प्रकारच्या रीलचं पेटंट घेतलं, तिच्यात दोर गुंडाळताना स्पूल, म्हणजे दोर ज्यावर बसतो ते रीळ, गोल फिरत नाही. फिरतं ते स्पूलभोवतीचं अंग. आजच्या रीलमध्ये ते अंग म्हणजे रोटर. मुख्य शाफ्ट स्पूलला घेऊन पुढे-मागे सरकतो, रोटर पिनियनवर (लहान गिअरवर) फिरतो, आणि हे सगळं एका अक्षावर बसलेलं असतं. हँडल आणि मोठा गिअर दुसऱ्या अक्षावर असतात. हे दोन अक्ष एकमेकांना काटकोनात असतात आणि रीलच्या बॉडीपाशी एकमेकांजवळून जातात.

म्हणजे चित्रात दोन माळा येणार. एक शाफ्टची: ड्रॅगची (मासा ओढताना दोर धरणाऱ्या ब्रेकची) गुंडी, वॉशर, स्पूल, रोटर नट, रोटर, रोलर क्लच (हँडल उलटं फिरू न देणारा भाग), बेअरिंग, पिनियन. दुसरी हँडलची: हँडल, झाकण, बेअरिंग, मोठा गिअर, पलीकडचं बेअरिंग, पलीकडची टोपी. बॉडी मधोमध. ही फुली आधी पेन्सिलने हलकेच आखा आणि मगच पहिला भाग काढा.

कुठून पाहायचं? इथे घाई करू नका, पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. मला तीन गोष्टी एकदम दिसायला हव्या असतात: स्पूलचं तोंड, कारण वॉशर तिथे आत जातात, झाकणाची बाजू, कारण गिअर तिथून निघतो, आणि रीलचा पाय वरच्या बाजूला. म्हणजे रील समोरून, किंचित वरून आणि झाकणाच्या बाजूने पाहायची. असं धरलं की शाफ्टची माळ एका बाजूला खाली उतरते आणि झाकणाची माळ दुसऱ्या बाजूला.

आता एक नियम पक्का ठेवा. भाग ज्या दिशेने बाहेर निघतो, त्याच दिशेने चित्रात सरकवायचा, आणि सरकवताना फिरवायचा नाही. स्पूलला पुढे-मागे नेणारा स्लायडर शाफ्टवर बसतो, पण तो बॉडीतून झाकणाच्या बाजूने बाहेर येतो. तेव्हा तो झाकणाच्या दिशेने सरकवलेला दिसला पाहिजे आणि त्याचं भोक मात्र शाफ्टच्याच रोखाने राहिलं पाहिजे. जागा भरायची म्हणून त्याला फिरवलं की वाचणारा तो फिरवूनच बसवायला जातो.

माळ पानाबाहेर जात असेल तर ती तोडा, तुटलेल्या टोकापासून बारीक रेघ काटकोनात वळवून खाली आणा आणि तिथून माळ पुढे सुरू करा. भागांमधलं अंतर समान असण्याची गरज नाही. स्क्रूला कमी जागा पुरते, वॉशरच्या चळतीला श्वास घ्यायला जागा लागते.

आयसोमेट्रिकचं गणित

डिप्लोमाच्या ड्रॉइंगच्या तासाला आयसोमेट्रिक बहुतेकांनी काढलेलं असतं: दोन आडवे अक्ष 30 अंशांवर, तिसरा उभा. रीलसाठी हीच पद्धत सोयीची, कारण लांबचा भाग लहान होत नाही आणि एकच वॉशर दहा ठिकाणी तसाच वापरता येतो.

रीलमध्ये जवळपास सगळं गोल आहे, म्हणून खरा प्रश्न लंबवर्तुळांचा. लंबवर्तुळाचा लहान अक्ष नेहमी शाफ्टच्या रेषेवरच पडला पाहिजे. तेवढं सांभाळलं की वॉशर शाफ्टवर सरळ बसलेला दिसतो. जरा कलला की वाकडा लोंबकळतो, आणि ज्याला ड्रॉइंगचा गंध नाही त्यालाही ते खुपतं. आयसोमेट्रिकमध्ये लहान अक्ष मोठ्याच्या 0.577 पट असतो. एकदा अचूक लंबवर्तुळ केलं की बाकीची सगळी त्याचीच लहान-मोठी रूपं.

प्रमाणाच्या दोन पद्धती आहेत. एकीत अक्षांवरच्या लांब्या खऱ्या घेतात. मग वर्तुळाचं लंबवर्तुळ खऱ्या व्यासाच्या 1.22 पट रुंद येतं. दुसरीत लंबवर्तुळाची रुंदी खऱ्या व्यासाइतकी ठेवतात आणि अक्षांवरच्या लांब्या 0.816 ने गुणतात. दोन्ही बरोबर आहेत, पण एका चित्रात एकच वापरायची. इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमध्ये सपाट आकृती उभ्या दिशेने 86.6 टक्के करून, 30 अंश तिरकी करून, 30 अंश फिरवण्याची जी प्रचलित युक्ती आहे, ती पहिल्या पद्धतीत मोडते. शाफ्ट त्या युक्तीने केला आणि वॉशर खऱ्या व्यासाच्या लंबवर्तुळाने काढला, तर वॉशर शाफ्टपेक्षा लहान दिसतो, आणि का ते लवकर सापडत नाही.

पैसे मोजायचे नसतील तर इंकस्केप पुरेसं आहे. त्यात आयसोमेट्रिक जाळी तयार मिळते आणि फाइल एसव्हीजीमध्ये राहते. कॅडमधून रेखाचित्र काढून घेतलं तर साफसफाईची तयारी ठेवा. कॅड प्रत्येक गोलाईच्या कडेला रेघ मारतं, ड्रॅगच्या गुंडीवरची प्रत्येक खाच दाखवतं, आणि लहान आकारात छापल्यावर त्याचा काळा डाग होतो. पृष्ठभाग जिथे अलगद वळतो तिथली रेघ पुसा. गिअरचे दात चौथ्या भागापुरते दाखवून बाकी सोडले तरी गिअर ओळखू येतो.

जाड रेषा, बारीक रेषा

तांत्रिक चित्राला उठाव येतो तो रेषेच्या दोन जाड्यांमुळे. कडेच्या दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग आपल्याला दिसत असतील तर ती रेषा बारीक. कडेची एकच बाजू दिसत असेल आणि पलीकडे मोकळी जागा किंवा दुसरा भाग असेल, तर ती जाड. वॉशरची बाहेरची कड जाड, त्याच्या वरच्या सपाट भागाची पुढची कड बारीक, कारण तिच्या खाली जाडीचा पृष्ठभाग दिसतोच. एवढ्या एका नियमाने, रंग न वापरता, चळतीतला प्रत्येक वॉशर वेगळा उठून दिसतो.

आयएसओ 128 या तांत्रिक चित्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या मालिकेत 0.13, 0.18, 0.25, 0.35, 0.5, 0.7 मिलिमीटर अशा जाड्या आहेत आणि जाड रेषा बारकीच्या दुप्पट असावी, असा संकेत आहे. छापून हातात येणाऱ्या आकारात मी बाहेरची कड 0.5, आतली 0.25 आणि माळेची मध्यरेषा 0.18 धरतो. ए3 वर काढून ए5 वर छापायचं असेल तर बाहेरची आणि आतली रेषा दुप्पट, म्हणजे 1.0 आणि 0.5, आणि मध्यरेषा 0.35. स्वस्त कागदावर शाई पसरते, तेव्हा दोन समांतर रेषांमध्ये छापील आकारात निदान अर्धा मिलिमीटर मोकळा ठेवा.

ड्रॅगची चळत, जवळून

रील उघडणाऱ्यांची सगळ्यात जास्त गल्लत होते ती इथे, त्यामुळे या जागेवर वेळ खर्च करा. समोर ड्रॅग असलेल्या एखाद्या नेहमीच्या रीलचं स्पूल घेऊ. तळाला कार्बनचा किंवा फेल्टचा घर्षण-वॉशर. त्यावर धातूचा वॉशर, ज्याचं भोक गोल नसून इंग्रजी डी अक्षरासारखं किंवा दोन बाजूंनी सपाट आहे. मग पुन्हा घर्षण-वॉशर. मग धातूचा दुसरा वॉशर, ज्याचं भोक गोल आहे पण बाहेरच्या कडेला दोन कान आहेत. पुन्हा घर्षण-वॉशर, पुन्हा सपाट भोकाचा धातूचा वॉशर, आणि वर तारेची रिंग, हे सगळं आत धरून ठेवणारी.

सपाट भोकाचा वॉशर शाफ्टला धरून राहतो, आणि शाफ्ट फिरत नाही. कानवाला वॉशर स्पूलच्या खाचांत अडकतो आणि मासा ओढायला लागला की स्पूलबरोबर फिरतो. फिरणारा आणि न फिरणारा यांच्यामध्ये जो घर्षण-वॉशर चिरडला जातो, तोच ड्रॅग. वरच्या क्रमात अशा घासणाऱ्या जागा तीन आहेत: स्पूलचा तळ आणि पहिला सपाट-भोक वॉशर, तो आणि कानवाला, कानवाला आणि वरचा सपाट-भोक वॉशर. आता कानवाला चुकून तळाशी गेला आणि दोन्ही सपाट-भोक वॉशर त्याच्यावर आले, तर घासणारी जागा एकच उरते. रील जोडली जाते, गुंडी फिरते, सगळं ठीक वाटतं, आणि मोठा मासा लागला की दोर सरासर सुटत जातो. मालवणच्या खडकावर उभं राहून तांबोशी गरवणाऱ्याला हे तेव्हाच कळणार, दुरुस्तीच्या टेबलावर नाही.

म्हणून चित्रात काय करायचं? डी आकाराचं भोक स्पष्ट दिसावं म्हणून वॉशर माळेत इतके लांब ठेवा की पुढच्याने मागच्याचं भोक झाकू नये. सपाट कड सगळ्या वॉशरवर आणि शाफ्टवर एकाच रोखाने काढा. कान वर-खाली आले तर स्पूलच्या भिंतीआड जात नाहीत, आणि त्यांच्या समोर स्पूलमधल्या खाचाही दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर स्पूलच्या ओठाचा तुकडा कापून दाखवा. घर्षण-वॉशरला हलकी राखाडी छटा द्या, धातूचे पांढरे सोडा. छपाई एकरंगी असली तरी हे जमतं. आणि एवढ्यानेही भागत नसेल तर ही चळत बाजूला एका चौकटीत दुप्पट आकाराने पुन्हा काढा, शेजारी तिचाच उभा छेद द्या. चौकट काढायला कंटाळू नका; बाकी काही न पाहता फक्त ही चौकट पाहणारे पुष्कळ आहेत.

आटे, बाण, ग्रीस

काही रील्समध्ये रोटर नटचे आटे उलटे असतात. माहीत नसलेला माणूस तो सोडवायला जातो आणि आवळून तोडतो. अशा नटाभोवती वळलेला जाड बाण काढा, सोडवायची दिशा दाखवणारा, आणि बाणाशेजारी उघडं कुलूप किंवा तसंच ठरलेलं चिन्ह. आट्यांवर बसणाऱ्या हँडलचंही तेच: ते डावीकडून उजवीकडे बदलता यावं म्हणून त्यावर काही वेळा दोन दिशांचे आटे असतात. आटे काढताना मळसूत्र रेखाटत बसू नका, समांतर कमानी पुरतात.

तेल कुठे आणि ग्रीस कुठे, हे थेंबाच्या दोन वेगळ्या चिन्हांनी दाखवा. गिअरला ग्रीस, लाइन रोलरच्या बेअरिंगला तेल. आणि रोलर क्लचपाशी फुली मारलेला ग्रीसचा थेंब जरूर घाला. तिथे ग्रीस गेलं की क्लच घसरतो आणि हँडल उलटं फिरायला लागतं.

आकडे आणि तक्ता

चित्रावर शब्द लिहू नका, फक्त आकडे लिहा. नावं तक्त्यात ठेवली की तेच चित्र मराठी, तमिळ, इंग्रजी पत्रकात चालतं. मराठी तक्त्यात स्पूल, ड्रॅग, बेल, रोटर हे शब्द तसेच ठेवा. दुकानात जाऊन माणूस तेच मागणार आहे.

आकडे माळेच्या क्रमाने द्या, म्हणजे 1 नंतर 2 शोधायला डोळा पानभर फिरत नाही. आकड्याची उंची छापल्यावर 2.5 मिलिमीटर असावी. आकड्यापासून भागापर्यंतची रेघ आयसोमेट्रिक अक्षांना समांतर कधीच नसावी, नाहीतर ती भागाचीच कड वाटते. रेघ भागाच्या पृष्ठभागावर संपत असेल तर टोकाला ठिपका, कडेवर संपत असेल तर बाण. दोन रेघा एकमेकींना छेदू देऊ नका.

कंपनीचा स्वतःचा पार्ट नंबर वेगळ्या रकान्यात जाईल. काही कंपन्या दोन्ही एकत्र करतात. फिलाडेल्फियात 1932 साली सुरू झालेल्या पेन कंपनीच्या जुन्या रील्समध्ये पहिला आकडा भागाचा आणि दुसरा मॉडेलचा असे: 5 म्हणजे मुख्य गिअर, 6 म्हणजे ड्रॅग वॉशर, 29 म्हणजे स्पूल. सेनेटर 113 चा ड्रॅग वॉशर 6-113. एकदा 6 म्हणजे काय हे कळलं की दुसऱ्या मॉडेलच्या चित्रातही तो भाग लगेच सापडतो. नवी कंपनी क्रमांक ठरवत असेल तर हा विचार तिच्यापुढे जरूर मांडा.

गळ, ल्युअर, रॉड

गळाचं चित्र 1:1 असावं. त्याचे भाग नेढं, दांडा, वळण, टोक, उलटा काटा आणि तोंडाची रुंदी. आकड्यांची पद्धत विचित्र आहे: 1, 2, 4, 6 असं वाढत गेलं की गळ लहान होतो आणि 1/0, 2/0 असं वाढलं की मोठा. त्यातही एका कंपनीचा 2/0 दुसरीच्या 2/0 शी जुळेलच असं नाही. म्हणून तक्त्यात तोंडाची रुंदी आणि दांड्याची लांबी मिलिमीटरमध्ये द्या, आणि पानाच्या कडेला 50 मिलिमीटरची पट्टी काढा. घरी छापणारा पट्टी लावून पाहील आणि प्रिंट लहान झाली आहे का, ते त्याला कळेल.

एका बाजूने काढलेला गळ अपुरा असतो. टोक दांड्याच्या रेषेत आहे की एका बाजूला कललेलं, हे बाजूने पाहून समजत नाही, दोन्ही गळ सारखेच दिसतात. सर्कल हुकमध्ये, म्हणजे टोक आत वळलेल्या गोलसर गळात, हा फरक महत्त्वाचा, कारण सरळ सर्कल हुक माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसावा म्हणून वापरतात आणि कललेला जास्त खोल रुतू शकतो. तेव्हा शेजारी टोकाच्या बाजूने पाहिलेलं दुसरं चित्र द्या.

ल्युअरमध्ये सगळं लक्ष लिपच्या, म्हणजे तोंडापुढच्या पट्टीच्या, कोनावर. लिप लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर ल्युअर खोल जातो, उभी आणि आखूड असेल तर वरच राहतो. हा कोन अंदाजाने काढू नका. डोकं डावीकडे ठेवा. माशांच्या शास्त्रीय चित्रांत तोच प्रघात आहे आणि सगळ्या मालिकेची चित्रं एका रांगेत नीट बसतात. आतली वजनाची गोळी फेकताना शेपटीकडे सरकत असेल तर छेद दाखवा आणि गोळीची दुसरी जागा दोन ठिपक्यांच्या तुटक रेषेने काढा; हलत्या भागाच्या पर्यायी जागेसाठी आयएसओमध्ये तीच रेषा आहे. प्रत्येक खवला काढण्यात मात्र अर्थ नाही.

रॉड अडीच-तीन मीटर लांब आणि टोकाला दोन मिलिमीटर जाड. ती प्रमाणात काढली तर रेघच दिसते. मूठ, रील सीट (रील बसते ती जागा), गाइड (दोर ओवायच्या कड्या) आणि टोक मोठ्या आकारात काढा आणि मधला भाग नागमोडी तुटक खूण घालून गाळा. बाक दाखवणारी आकृती वेगळी असते: सगळ्या रॉड एकाच चौकटीवर, मूठ एकाच कोनात, टोकाला एकच वजन. वजन बदललं की तुलना संपली.

गाठी

गाठीच्या चित्रात दोराची जाडी खरी ठेवायची नाही. ती इतकी वाढवा की दोर दोराच्या वरून जातो की खालून, हे एका नजरेत कळेल, आणि खालून जाणाऱ्या दोराची रेघ दोन्ही बाजूंना थोडी तोडा. वर-खालीचा क्रम एका जागी चुकला तरी ती वेगळीच गाठ होते.

सगळ्या पायऱ्यांत नेढं एकाच बाजूला ठेवा, मुख्य दोर एकाच बाजूला. मोकळं टोक गडद छटेचं करा, म्हणजे ते कुठून कुठे गेलं, ते बोट न ठेवता दिसतं. इम्प्रूव्ह्ड क्लिंच या गाठीचे पाच-सहा वेढे असतील तर तेवढेच काढा. जागा नाही म्हणून तीन काढले तर माणूस तीनच घालतो. पालोमार गाठीत दुहेरी फास गळावरून ओलांडायचा क्षण सगळ्यात अवघड, त्याला दोन चित्रं द्या. एफजी गाठीत विणलेला दोर आणि लीडर (पुढे जोडलेला तंगूसाचा तुकडा) असे दोन दोर येतात, तिथे विणलेल्यावर तिरक्या बारीक रेघा भरा आणि तंगूस कोरा सोडा. बोटं फक्त तिथेच काढा जिथे दोर धरून ठेवल्याशिवाय पुढची पायरी होत नाही. आवळण्याआधी गाठ ओली करायची, त्यासाठी पाण्याचा एक थेंब पुरे.

तपासणी आणि सुपूर्द करणं

चित्र झालं की अखंड ठेवलेली दुसरी रील सुटी करा, भाग मिसळा आणि रील कधी न उघडलेल्या माणसाला चित्र आणि भाग द्या. शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे थांबतो, कागद फिरवतो, भाग हातात घेऊन पुन्हा खाली ठेवतो, तिथे पेन्सिलने खूण करा. मदत केली की ती जागा लपते. रील जोडून झाल्यावर ड्रॅग ओढून पाहा, हँडल उलटं फिरतं का ते पाहा, आणि एखादा भाग टेबलावर उरला आहे का ते मोजा. मग खुणा केलेल्या जागा पुन्हा काढा आणि दुसऱ्या माणसाला बसवा.

कंपनीला पीडीएफ आणि थरांसकट मूळ फाइल द्या. प्रत्येक भाग वेगळ्या थरावर आणि थराचं नाव पार्ट नंबरचं, म्हणजे उद्या वॉशर बदलला तर तेवढाच बदलता येईल. दुसऱ्या कंपनीच्या चित्रातून उचललेला एकही भाग त्यात नसावा. तो तिचा हक्क आहे, आणि तिच्या रीलचं माप तुमच्या रीलला लागूही पडत नाही. कोपऱ्यात मॉडेल, आवृत्ती आणि तारीख लिहा, आणि करारात ठरवून घ्या की कारखान्यात कुठलाही भाग बदलला की ती सूचना सर्व्हिस सेंटरबरोबरच चित्रकारालाही यावी.